पत्र्यामागचे पंचवीस मिलिमीटर

मोठं कॅबिनेट घेतलं की वायरींचा प्रश्न मिटला, असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि कुठलाही दुकानदार ती समजूत मोडायला जात नाही. फुल टॉवरची किंमत मुळात याच समजुतीवर वसूल होते. तिच्यावर दोन माणसांना भांडायला लावावं, असं बरेच दिवस मनात होतं. एक मामा. लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर जोडण्यात आणि त्याहून जास्त दुरुस्त करण्यात उमेदीचा काळ गेलेला, आता डोंबिवलीत घरूनच कामं घेणारा. दुसरी त्याची भाची. गोरेगावच्या स्टुडिओत व्हीएफएक्सचं काम करते आणि घरच्या रेंडरिंगसाठी हे मशीन तिनं स्वतः जोडलंय. दोघंही माझ्या कल्पनेतली. त्यांची मतं मात्र बाजारात रोज ऐकू येतात. मशीन टेबलावर आहे, मागचं पॅनेल नीट बसत नाहीये, आणि तेवढ्यासाठी मामाला फोन गेलेला आहे.

मामा : हे गुडघा टेकवून बंद केलंयस. खालचा स्क्रू बघ, आटे तिरके गेलेत.

भाची : गुडघा नाही, पोट लावलं. पण आधी पुढून बघ ना. काचेतून एक तरी वायर लोंबताना दिसतेय? चोवीस पिनची केबल ग्रोमेटमधून बाहेर येते ती थेट बोर्डात. बाकी सगळं मागं.

मामा : पाहुणे येणार म्हणून कपाटात पसारा कोंबायचा आणि दाराला पाठ लावून उभं राहायचं, त्यातला प्रकार झाला हा. उघड बघू.

(दोन स्क्रू सुटले आणि पॅनेल ओढावंच लागलं नाही. आतल्या केबलींनीच ते बाहेर ढकललं.)

भाची : पण मला हे कळतच नाही. एकटीला उचलवत नाही एवढं धूड, आणि मागं जागा नाही? फुल टॉवर घेतला तोच मुळी वायरिंग सुटसुटीत व्हावं म्हणून.

मामा : धूड आहे, पण कुठल्या बाजूनं? कोर्सेअरचंच उदाहरण घे, मापं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचं ४०००डी हे मिड टॉवर ४५३ मिलिमीटर लांब, ४६६ उंच, २३० रुंद. त्याच घराण्यातलं ७०००डी हे फुल टॉवर ६०० लांब, ५५० उंच. आणि रुंद किती? २४८.

भाची : म्हणजे लांबी जवळजवळ दीडशेनं वाढली आणि रुंदी...

मामा : अठरा. आणि त्या अठरावरही पहिला हक्क प्रोसेसरच्या कूलरचा. ४०००डीमध्ये १७० मिलिमीटर उंचीचा कूलर बसतो, ७०००डीमध्ये १९०. तुझ्या केबली राहतात बोर्ड बसतो त्या ट्रेच्या पत्र्यामागे. कॅबिनेट वर कितीही चढलं, पुढं कितीही सरकलं, तरी त्यांना मिळते ती खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीन सेंटीमीटरच. ४०००डीवर कंपनी स्वतः पंचवीस मिलिमीटर सांगते.

भाची : खोली तेवढीच असेल, पण भिंत मोठी मिळाली ना? केबल पसरायला क्षेत्रफळ वाढलं.

मामा : हे बोललीस ते खरं. आणि तेच तू वापरलं नाहीस.

इथे थांबून भाचीची चूक बघण्यासारखी आहे, कारण ती सगळ्यांचीच होते. अठरा गेजची साधी तार इन्सुलेशनसकट दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तशा चोवीस तारा गोल बांधल्या की बारा मिलिमीटरची जुडी होते. आठ पिनची सातची. एकेकट्या या जुड्या पंचवीस मिलिमीटरमध्ये आरामात मावतात. पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, खाली; सॉकेट वर, बाजूला आणि मध्ये विखुरलेले. त्यामुळे केबली एकमेकींना ओलांडतात, आणि ओलांडतात तिथे जाडी बेरजेत जाते. बारावर बारा गेले की पंचवीस संपले. त्यावर डिस्कला जाणारा साटा पॉवरचा एक जाडा प्लग आला की पॅनेल फुगलंच. भाचीच्या मशीनमध्ये असे तीन पदर एकाच जागी, ट्रेच्या मधल्या उभ्या खाचेत, चढले होते. वरच्या बाजूला वीतभर पत्रा उघडा पडला होता. तिथे एक वायरही नव्हती.

भाची : मधल्या खाचेत वेलक्रोचे पट्टे कंपनीनंच दिलेत. मला वाटलं, सगळ्या तिथूनच न्यायच्या असतात.

मामा : पट्टे एका जाड केबलीसाठी असतात, आणि तिच्या शेजारी एखादी बारीक. बाकीच्यांना आपापली वाट द्यायची. ही चोवीस पिनची जुडी उकल, तारा एकमेकींशेजारी चपट्या झोपव. मग ती बारा नाही, दोन ओळींत चार-पाच मिलिमीटर होते. पंख्यांच्या वायरी कडेनं फिरव. आणि मुख्य म्हणजे आधी ठरव, कोण कोणाला कुठं ओलांडणार.

भाची : तुझ्या काळात हे एवढं करत होतात? जुन्या मशीनचं झाकण काढलं की तुमचा सगळा गुंता अंगावर यायचा.

मामा : तेव्हा मागं जाऊच देत नव्हते. ट्रेला भोकंच नसायची. एसएमपीएस वर, आणि हार्ड डिस्कला पट्टीसारखी आयडीईची केबल, पाच सेंटीमीटर रुंद, आधी चाळीस तारांची आणि नंतर ऐंशीची. लांबीची मर्यादा अठरा इंच. ती नेमकी पंख्यासमोर आडवी यायची. घडी घालून रबर बँड लावायचा, हेच आमचं वायरिंग. २००३ मध्ये साटा आलं, केबल बोटाएवढी अरुंद झाली आणि एक मीटरपर्यंत लांब नेता यायला लागली. मग कॅबिनेटवाल्यांना सुचायला लागलं. अँटेकचं पी१८० आलं २००५ मध्ये, एसएमपीएस खालच्या वेगळ्या कप्प्यात. कोर्सेअरचं ८००डी २००९ मध्ये, फुल टॉवर, ट्रेला रबरी ग्रोमेटची भोकं. २०१४ मध्ये एनझेडएक्सटीच्या एच४४० नं सीडी ड्राइव्हची जागाच काढून टाकली आणि एसएमपीएसवर पत्र्याचं झाकण घातलं. आणि बाजूला काचा आल्या तशी तुमची पिढी आली.

भाची : आमची पिढी काचेबरोबर आली असेल, पण तुमच्या गुंत्यात बिघाड शोधायला किती वेळ जायचा ते आईनं सांगितलंय मला. माझ्या मशीनमध्ये कुठली केबल कुठून कुठं जाते हे मी डोळे मिटून सांगेन.

मामा : सांग. ही आठ पिनची, प्रोसेसरची. हिला दोन झिप टाय का आहेत, आणि इतके करकचून का?

भाची : ...कारण ती पोचत नव्हती. थोडी ताणूनच लावावी लागली.

मामा : हं. मोठ्या कॅबिनेटची खरी पंचाईत ही. बोर्ड तेवढाच. एटीएक्सचा बोर्ड १९९५ मध्ये ठरला तो ३०५ बाय २४४ मिलिमीटर, तुझाही तोच. कॅबिनेट वाढलं की बोर्ड वर जातो, एसएमपीएस तळाशी राहतो, आणि प्रोसेसरच्या पॉवरचा सॉकेट असतो बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात लांब. केबल बाहेर पडते, वळते, पत्र्यामागून वर चढते, कोपऱ्यातल्या खाचेतून पुढं येते. साठ सेंटीमीटरची असली तर इथं तोंडाशी येऊन अडकते. दुकानात कॅबिनेट बघताना सगळे रेडिएटर किती मोठा बसेल ते विचारतात. ही केबल किती लांब लागेल हे कोणी विचारत नाही.

भाची : एक्स्टेन्शन मिळतं की.

मामा : मिळतं. चांगलं घेतलंस तर काही बिघडत नाही. पण मग तो मधला जोड कुठं बसणार? पत्र्यामागेच. जाड प्लॅस्टिकचा, आणखी एक ओलांडणी. त्यापेक्षा लांब केबलीचा एसएमपीएस आधीच बघून घेतला तर?

भाची : बरं, पण मागचं पॅनेल फुगलं तर फुगलं. चालताना फरक काय पडतो? पुढची हवा मोकळी झाली ना?

मामा : हवेचं कोणी सांगितलं तुला?

भाची : सगळेच सांगतात. नीट वायरिंग म्हणजे एअरफ्लो.

मामा : आयडीईच्या पट्टीच्या काळातलं वाक्य आहे ते. आता पुढच्या बाजूला चार तारा लोंबल्या म्हणून हवा अडत नाही, वळसा घालून जाते. पंख्याच्या पात्यात वायर गेली तर गोष्ट वेगळी.

(इथे मी मामाच्या बाजूनं. नीटनेटक्या वायरिंगमुळे तापमान झपकन उतरतं, हा समज दिसण्याच्या हौसेला दिलेला तांत्रिक मुलामा आहे. हौस असायला हरकत नाही. तिला हौस म्हणावं.)

भाची : मग तुझ्या दृष्टीनं वायरिंग करायचंच कशाला?

मामा : पुन्हा उघडता यावं म्हणून. आणि प्लगला ओढ बसू नये म्हणून. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुझं ग्राफिक्स कार्ड दाखव.

भाची : ते पुढून सगळ्यात सुंदर दिसतं. सोळा पिनची एकच केबल, ग्रोमेटमधून सरळ.

मामा : सरळ म्हणजे ताठ. काच लावल्यावर ती काचेला टेकते का?

भाची : थोडीशी. काचेनंच तिला वाकवलंय.

मामा : तेच मला नको आहे. हिच्यातून ६०० वॉटपर्यंत जाऊ शकतात. बारा व्होल्टवर भागून बघ.

भाची : पन्नास अँपिअर.

मामा : बारा व्होल्ट नेणाऱ्या सहा पिनांवर वाटले की एकेकीला आठाच्या वर. जुन्या आठ पिनच्या प्लगला मिळून १५० वॉट सांगितलेले होते, तेही बऱ्यापैकी ढिसाळ हिशेबानं, म्हणून तो सगळं सोसायचा. ही पिन बारीक आहे. यातल्या दोन पिना नीट टेकल्या नाहीत की त्यांचा वाटा उरलेल्या चौघींवर जातो.

भाची : २०२२ मधलं एनव्हिडियाच्या ४०९० कार्डाचं प्रकरण ना? प्लग वितळले होते. एनव्हिडिया म्हणाली, लोकांनी प्लग पूर्ण आत ढकललाच नव्हता.

मामा : आणि का ढकलला गेला नाही, किंवा नंतर का सैल झाला, याचा विचार कर. ताठ केबल, मागं पत्र्याला टायनं जखडलेली, पुढं काचेनं दाबलेली. ती रोज थोडी थोडी प्लगला एका बाजूला ओढत राहते. केबल बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की प्लगपासून ३५ मिलिमीटरपर्यंत वाकवू नका. एनव्हिडियाचं स्वतःचं ४०९० होतं १३७ मिलिमीटर रुंद, इतर कंपन्यांची त्याहून जास्त. ज्या कार्डांचा प्लग काचेकडं तोंड करून असतो, त्यांच्यावर ३५ ची सरळ वाट आणि मग वळण धर. तुझं फुल टॉवर कुठल्या बाजूनं कमी पडतंय?

भाची : रुंदीनंच. पुन्हा.

मामा : पुन्हा.

भाची : पण आता नवा १२व्ही-२एक्स६ आलाय ना? सेन्सच्या पिना आखूड केल्यात. प्लग अर्धवट असेल तर कार्ड पूर्ण वॉट मागतच नाही.

मामा : चांगली सुधारणा आहे. सुधारणा झाली म्हणून काचेनं केबल दाबायची असं मात्र नाही.

इथे भाची गप्प बसली असती तर मामाचा मुद्दा सोपा झाला असता. पण तिचं म्हणणंही पोकळ नाही. काचेतून दिसतंय म्हणून का होईना, तिनं हा प्लग रोज बघितला आहे. मामाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तो कोणाला दिसलाच नसता. आणि पुढं ती जे म्हणाली, त्याला मामाकडे धड उत्तर नव्हतं.

भाची : तुला रुंदीच हवी असेल, तर मग फुल टॉवर हाच चुकीचा प्रकार आहे, असं म्हण ना सरळ. लियान लीचं ओ११ डायनॅमिक बघ, २०१८ पासून बाजारात आहे. फक्त ४४६ मिलिमीटर उंच, पण २७२ रुंद. एसएमपीएसच मागच्या खोलीत नेऊन ठेवला. पत्र्यामागे हात घालता येतो. माझ्याहून ठेंगणं कॅबिनेट आणि केबलींना माझ्याहून जास्त जागा.

मामा : टेबलावर आडवी जागा खातं.

भाची : घरात आडवी जागा नाही म्हणून मी उंच घेतलं, आणि तू रुंद घेतलं नाहीस म्हणून रागावतोयस.

मामा : ...तुला चार डिस्क लावायच्या होत्या ना?

भाची : हो, आणि दोन कार्डं पुढंमागं कधीतरी. म्हणून फुल टॉवर. वायरिंगसाठी घेतला असं मगाशी म्हणाले, ते मागे घेते.

मामा : डिस्कचं बोललीस म्हणून. या दोन एसएसडी पत्र्यामागे का चिकटवल्यास?

भाची : तिथं त्यांचे कंस दिलेत. सात मिलिमीटर जाडीच्या असतात, बसतात.

मामा : डिस्क सातची. तिच्यात लावलेला पॉवरचा प्लग किती बाहेर येतो? आणि तो चार प्लगांच्या माळेतला दुसरा आहे, म्हणजे माळ पुढं जाताना वाकणार, ते वाकणं पॅनेलला टेकणार, पॅनेल प्लगला दाबणार. साटाच्या प्लगाची जीभ प्लॅस्टिकची असते, वाकडी दाबली की तुटते. मग डिस्क कधी दिसते, कधी नाही. आणि तू विंडोजला शिव्या देणार.

भाची : मागच्या महिन्यात एकदा गायब झाली होती.

मामा : कुठली?

भाची : खालची.

(मामानं खालची डिस्क कंसातून काढून पुढच्या मोकळ्या कप्प्यात लावली. त्या कप्प्यात आणखी तीन डिस्क मावतील इतकी जागा रिकामी होती, पण ती काचेतून दिसते.)

भाची : दिसेल आता.

मामा : दिसू दे. आणि हे टाय कापतो. बघ, तू पक्कड घेऊन तोंडाशी कापलेत ना, त्याचं टोक ब्लेडसारखं राहतं. माझ्या मनगटावर जे ओरखडे आहेत ते सगळे दुसऱ्यांच्या सुबक वायरिंगचे आहेत.

भाची : मग काय, सगळं मोकळं सोडू?

मामा : वेलक्रो. आणि प्रत्येक केबलीला प्लगापाशी थोडा झोल. बंद कॅबिनेटच्या मागं झुरळांनाही आवडतं, ऊब असते. वर्षातून एकदा उघडून बघशील की नाही? उघडताना सगळं कापावं लागलं तर तू उघडणारच नाहीस.

भाची : हे मला मान्य. पण तुझी एक सवय मला मान्य नाही. तू झोल ठेवतोस, आणि त्याचबरोबर न लागणाऱ्या केबलीही आतच गुंडाळून ठेवतोस. "असू दे, पुढं लागतील" म्हणून. म्हणूनच मी मॉड्युलर एसएमपीएस घेतला. लागतील तेवढ्याच लावल्या.

मामा : आणि उरलेल्या?

भाची : पिशवीत आहेत, कपाटात. तुझ्या जुन्या एसएमपीएसच्या केबलींबरोबर.

मामा : बरोबर? एकाच पिशवीत?

भाची : प्लग सारखाच आहे की.

मामा : डिस्ककडचा प्लग सारखा असतो. एसएमपीएसकडचा नाही. तिकडं पिना कुठल्या क्रमानं लावायच्या याचं काही ठरलेलंच नाही, प्रत्येक कंपनीचं आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं. प्लग मात्र खट्कन बसतो. जिथं पाच व्होल्ट यायचे तिथं बारा जातात. माझ्याकडं एका स्टुडिओचं मशीन आलं होतं, कोणीतरी एसएमपीएस बदलला आणि केबली जुन्याच ठेवल्या, कारण त्या पत्र्यामागे इतक्या सुंदर बांधलेल्या होत्या की सोडवायचा जीव झाला नाही. एका बटणात तीन हार्ड डिस्क गेल्या. लग्नांचं शूटिंग होतं त्यात.

भाची : बाप रे.

मामा : हा सुबकपणाचा खर्च. कोणी हिशेबात धरत नाही.

भाची : तुझ्या बोलण्यातून असं वाटतं की नीट असणं हाच गुन्हा. एक सांगू? क्रे-१ चे फोटो बघितलेस का कधी? १९७६ चा सुपरकॉम्प्युटर. बाहेरून गोल, गुळगुळीत, बसायला गादीची बाकं. आणि आतून वायरींचं रान.

मामा : बघितलेत. गोल का केला माहितीये? वायर लांब झाली की सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून. वरून बघितलं तर इंग्रजी सी. आतल्या बाजूनं जोडलं की कुठलीच वायर चार फुटांच्या वर जात नव्हती. लांबी हिशेबातली होती, दिसणं नाही.

भाची : पण दिसणंही केलंच ना त्यांनी? बाहेरून. मी तेवढंच म्हणतेय. आता असूसचे बीटीएफ बोर्ड आलेत, एमएसआयचं प्रोजेक्ट झीरो. सगळे सॉकेट बोर्डाच्या पाठीवर. पुढं एकही प्लग नाही. मला पुढच्या वेळी तेच घ्यायचंय.

मामा : मग कॅबिनेटही तसलंच घ्यावं लागेल, त्याच जागी भोकं पाडलेलं. आणि पुढचे सगळे प्लग मागं उभे राहणार. त्या पंचवीस मिलिमीटरमध्ये?

भाची : त्या कॅबिनेटांत मागची खोली जास्त ठेवतात.

मामा : ठेवली तर मला काही म्हणायचं नाही. शेवटी पाठीमागं जागा द्यावी, हे कंपन्यांच्या डोक्यात शिरतंय म्हणायचं.

(पॅनेल आता हातानं बसलं. चोवीस पिनची केबल चपटी होऊन वरच्या मोकळ्या पत्र्यावर गेली होती आणि पुढून तिचा एक वाक काचेतून सरळ दिसत होता. भाचीनं तो दोनदा आत ढकलून पाहिला.)

भाची : हा वाक मला झोपू देणार नाही. मी मापानं केबली करून घेते. बोर्डापर्यंत नेमक्या, ना एक सेंटीमीटर जास्त ना कमी. विणलेल्या, काळ्या-पांढऱ्या.

मामा : आणि बोर्ड बदललास की? सॉकेट दोन इंच सरकला तर?

भाची : नवीन करीन.

मामा : आणि या जुन्या?

भाची : तुझ्याकडं. तू काही टाकत नाहीसच.

मामा : ठेवीन. पण पिशवीवर एसएमपीएसचं मॉडेल लिहून दे, आणि माझ्या पिशवीतल्या आधी बाहेर काढ.

भाची : कुठल्या कोणाच्या, ते आता कसं कळणार?

मामा : मल्टीमीटर आण. नाहीतर सगळ्याच भंगारात दे.